कपिलेवरचा जुना पूल आणि त्याचा राखणदार

नंजनगूडच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवायची नोकरी लागली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. आमचं घर म्हैसुरात, मंडी मोहल्ल्यात. खाली माझ्या वडिलांचं, आप्पांचं, शिवणाचं दुकान, वर आम्ही. कित्येक पिढ्या इथे काढल्यामुळे आमची मराठी अशी झाली होती की पुण्याकडचा माणूस थोडा वेळ ऐकून घेई आणि मग विचारी, ही कुठली भाषा? घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि रागावलं की दोन्ही एकदम. सकाळच्या गाडीने नंजनगूडला जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत यायचं, हा माझा क्रम पुढे पुष्कळ वर्षं चालला.

तेव्हा ती मीटर गेजची लहान गाडी होती. कडकोळ गेलं, तांडवपुर गेलं की थोड्या वेळाने नदी येई. नकाशात तिचं नाव कबिनी, पण नंजनगूडची माणसं तिला कपिला म्हणतात. तिच्यावरचा पूल दगडी, बुटका, टोकदार कमानींचा. एका अंगाला रूळ आणि दुसऱ्या अंगाला रस्ता, त्यामुळे आगगाडी आणि बैलगाडी कधी कधी शेजारी शेजारी नदी ओलांडत. मला त्या पुलाचा उपयोग एवढाच होता की तो आला की वह्या तपासणं थांबवायचं आणि पिशवी आवरायची. इतिहासाची शिक्षिका रोज दोनदा त्याच्यावरून जात होती आणि तिने एकदाही खिडकीतून वाकून खाली पाहिलं नव्हतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. आषाढ चालू होता. म्हैसुरात नुसती भुरभुर होती, पण वर वायनाडात पाऊस कोसळत होता आणि धरणातून पाणी सोडलं होतं. त्या दिवशी शाळेत तपासणी होती, माझी पहिलीच. मी नवी साडी नेसले होते आणि पाठांची टाचणं दोनदा उतरून काढली होती. नदी जवळ आली तशी गाडीच्या पुढच्या बाजूने दोन-तीन बार उडाल्यासारखे आवाज आले, करकरत ब्रेक लागले आणि गाडी थांबली.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. पुरुष मंडळी उतरून पुढे जाऊन पाहून आली. कुणी म्हणालं इंजिन बिघडलं, कुणी म्हणालं म्हैस आडवी आली. अर्धा तास होत आला तेव्हा मला बसवेना. छत्री घेऊन मी उतरले आणि खडीवरून चालत इंजिनापर्यंत गेले.

पुलाच्या तोंडाशी एक माणूस लाल बावटा धरून उभा होता. पन्नाशीचा, काटकुळा, डोक्यावरून घोंगडी घेतलेली, पाय अनवाणी. पुलाचा राखणदार. पावसाळ्यात पाण्यावर नजर ठेवायची हे त्याचं काम. गाडी थांबवायला त्यानेच रुळावर धोक्याचे फटाके बांधले होते. ड्रायव्हर त्याच्याशी हुज्जत घालत होता आणि भोवती दहा-पंधरा माणसं जमली होती. पुलाच्या खांबावर एक रंगवलेली खूण असते. पाणी तिथवर आलं की गाडी थांबवायची, असा नियम. मी पाहिलं तर पाणी त्या खुणेच्या चांगलं हातभर खाली होतं.

"पाणी खुणेच्या खाली आहे," मी म्हटलं. सगळं बोलणं कन्नडमध्ये झालं, मी इथे मराठीत सांगते.

"आहे, मेडम."

"मग गाडी कशाला अडवलीत?"

"आवाज बदललाय. मधल्या कमानीखाली पाणी नेहमीसारखं वाजत नाही. काहीतरी अडकलंय. माणूस पाठवलाय स्टेशनात, साहेब येतील, बघतील, मग सोडीन."

"आवाजावरून?" माझा आवाज चढला. "एवढी माणसं खोळंबलीत ती तुमच्या कानामुळे? कुणाला दवाखान्यात जायचंय, कुणाला कोर्टात. खूण कशासाठी रंगवलीय मग?"

लोकांना तेवढंच हवं होतं. सगळेच तोंडसुख घेऊ लागले. त्याने बावटा मात्र खाली केला नाही.

शेवटी काही जण रस्त्याच्या बाजूने चालत निघाले. रस्ता रेल्वेचा नव्हता, राखणदार अडवू शकत नव्हता. तरी तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "जाऊ नका, अम्मा. जायचंच असेल तर मध्ये थांबू नका." मी उत्तरही न देता चालू लागले.

त्या पुलावर मी पायी गेले ती तेव्हा पहिल्यांदा. कठडा बुटका, नदी गढूळ आणि फुगलेली. वाटेत मध्यावर एक धप्प असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा. थांबू नका म्हटलं होतं, पण मी थांबले आणि कठड्यावरून वाकून पाहिलं. एक अख्खं झाड मुळांसकट वाहत येऊन दोन खांबांमध्ये आडवं अडकलं होतं. त्याच्यामागे फांद्या, वेलींचं जंजाळ, एक मोडकं दार असं काय काय साठलं होतं, आणि पाण्याचा लोंढा आला की बुंधा उचलला जाऊन खांबावर आदळत होता. एका बाजूला पाणी चढलं होतं, दुसऱ्या बाजूला उतरलं होतं. गाडीच्या खिडकीतून किंवा पुलाच्या तोंडाशी उभं राहून यातलं काहीही दिसलं नसतं. उरलेला पूल मी जवळजवळ धावत संपवला.

शाळेत पोचले तर तपासणी अधिकारी आलेच नव्हते. दुपारी आले, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. माझा तास पाहिला, टाचणं पाहिली, सही केली आणि जाताना म्हणाले, "सकाळी त्या बावटेवाल्याशी भांडत होता त्या तुम्हीच ना? मी तिसऱ्या डब्यात होतो. आवाज खणखणीत आहे तुमचा. मागच्या बाकापर्यंत जात असणार." मुख्याध्यापक हसले, मीही हसले, पण मला ते लागलं.

दुपारपर्यंत माणसं आणि दोर लावून झाड सोडवलं. साहेबांनी खांब तपासले. पुलाला काहीही झालं नव्हतं. संध्याकाळची गाडी वेळेवर सुटली आणि मी तिच्यातूनच घरी आले.

आठवडाभराने स्टेशनात तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. घोंगडी नव्हती, म्हणून आधी ओळखलं नाही. हातात घडी घातलेला कागद. पाणी खुणेच्या खाली असताना गाडी का थांबवली याचा खुलासा लेखी द्यावा, असं वरच्या ऑफिसातून आलं होतं. त्याला सही करता येई, त्यापलीकडे लिहिता येत नव्हतं.

"मेडम, तुम्ही मध्ये थांबला होता. मी इकडून पाहत होतो," तो म्हणाला. "तुम्ही झाड पाहिलंत."

मी कुठे तोंड लपवू असं मला झालं. चारचौघांत मी त्याला बोलले होते आणि ते मागे घ्यायला एकदाही त्याच्याकडे गेले नव्हते. मी म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी मी फार बोलले."

"सगळेच बोलतात. रिकाम्या पोटी माणूस बोलतोच. कागद लिहून द्याल का?"

फलाटावरच्या बाकावर बसून मी लिहायला घेतलं. माझी कन्नड शाळेतली, ग्रंथातली. 'प्रचंड वृक्षाच्या भीषण आघातांनी पुलाचे खांब हादरत होते' असं काहीसं मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्याने मान हलवली. "असं नव्हतं. खांब हलत नव्हते. ते हलणारे नाहीत. फणसाचं झाड होतं असं लिहा. मधल्या कमानीत अडकलं होतं असं लिहा. मला दिसलं नाही, ऐकू आलं, असं लिहा. घडलं तेवढंच लिहा."

तो खुलासा मी तीनदा लिहिला. तिसऱ्या वेळी तो अर्ध्या पानाचा झाला. खाली त्याने सही केली, आणि त्याने न मागता मी माझीही केली: 'हे झाड मी स्वतः पाहिले आहे.' नाव, शाळा, पत्ता.

घरी सांगितलं तर आप्पांचा चेहरा उतरला. "सुम्ने कशाला सही केलीस?" सुम्ने म्हणजे उगाच. "सरकारी कागद आहे तो. उद्या तुलाच बोलावतील."

"बोलावू देत."

आप्पांनी मशीन थांबवलं. "खरंच पाहिलंस? की त्या माणसाची दया आली म्हणून?"

"पाहिलं, आप्पा. दारसुद्धा पाहिलं. निळ्या रंगाचं होतं."

"मग झालं," ते म्हणाले आणि पुन्हा पाय मशीनवर ठेवला.

दोन महिन्यांनी त्याला उत्तर आलं. खुलासा मान्य, पुढे खुणेकडेही लक्ष द्यावे. शाबासकी नाही, ठपका नाही. तो मला स्टेशनात दाखवायला घेऊन आला. 'कागद बंद झाला' असे त्याचे शब्द. नंतर म्हणाला, "रविवारी या. पाणी उतरलंय. पूल खालून दाखवतो."

मी आप्पांना घेऊन गेले. एकटी कशी जाणार, हा तेव्हाचा प्रश्न. आप्पांना पुलात काडीचाही रस नव्हता. देवळात नंजुंडेश्वराचं दर्शन घ्यायचं आणि मग दहा मिनिटं पूल, असं ठरलं होतं. आम्ही तिथे तीन तास होतो.

त्याने आम्हाला वाळूतून खांबांपर्यंत नेलं. त्याचे वडीलही याच पुलावर गँगमन होते आणि पुलाची माहिती त्याला त्यांच्याकडून मिळालेली. कमानींना त्याने नंबर दिले नव्हते, नावं दिली होती. धोब्याची कमान, मधमाश्यांची कमान, कोरडी कमान. प्रत्येकीखाली उभं राहून तो हाताने टाळी वाजवी आणि आम्हाला ऐकायला लावी. खरंच प्रत्येकीचा घुमारा वेगळा होता. दोन खांबांवर कुठल्या कुठल्या जुन्या पुराच्या रेघा होत्या. त्यातली सगळ्यांत वरची त्याच्या वडिलांनी खिळ्याने ओढलेली होती.

"हा बांधला कुणी?" मी विचारलं. मी इतिहासाची बाई, आणि हे मी त्याला विचारत होते.

"म्हैसूरच्या राजाच्या दळवायांनी, असं सांगतात. दळवाई म्हणजे सेनापती. आगगाडीचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा. घोडे, बैल, हत्ती, माणसं जायला बांधला. रूळ फार पुढे आले. कुणीतरी साहेबाने पाहिलं असेल आणि म्हटलं असेल, हा गाडी पेलेल. त्याने पेलली."

आप्पा तोवर एका कमानीशी उभे होते. त्यांच्या गळ्यात मापाची पट्टी होती. दुकान बंद असलं तरी ती गळ्यात राहून जाई. ती काढून त्यांनी कमानीच्या पायाशी लावली, मग शेजारच्या कमानीला, मग तिसरीला. पट्टी अपुरी पडे तेव्हा राखणदार दुसरं टोक धरी. दोघांची एकमेकांशी ओळख अर्ध्या तासाची, पण बरोबर काम करणाऱ्यांसारखे ते एका कमानीकडून दुसरीकडे जात होते. शेवटी आप्पा माझ्याकडे येऊन म्हणाले, "ह्या एका हाताने बेतलेल्या नाहीत. इथे चार बोटं फरक आहे, तिथे पाच. वेगवेगळ्या कारागिरांना वाटून दिल्यात. आणि ही टोकाची बघ, घाईत उरकलीय."

राखणदार म्हणाला, "पस्तीस वर्षं मी इथे आहे, मला हे कळलं नव्हतं."

आप्पा एवढे खूश झाले की परतीच्या गाडीत त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसालाही ते सांगितलं.

त्यानंतर दरवर्षी मार्गशीर्षात मी नववीच्या वर्गाला पुलावर नेऊ लागले. मुलं मापं घेत, पुराच्या रेघा वहीत उतरवत, आणि राखणदार त्यांना टाळ्या वाजवायला लावे. पाठ्यपुस्तकात या पुलाबद्दल एक ओळही नव्हती. एका मुलीने मला विचारलं होतं, "मिस, परीक्षेत येणार नाही ना?" मी नाही म्हटल्यावर ती निवांत होऊन नदीत पाय सोडून बसली. तीच आता सिव्हिल इंजिनिअर आहे. माझ्यामुळे झाली असं मी म्हणत नाही, तिचे वडीलही कंत्राटदार होते.

मग रुंद रूळ टाकायचं ठरलं. मीटर गेजच्या गाड्या बंद झाल्या आणि मी बसने जाऊ लागले. बसच्या खिडकीतून जुन्या पुलाच्या शेजारी नवा पूल उभा राहताना दिसे. सरळ, करडा, काम चोख. राखणदार त्याच सुमाराला निवृत्त झाला. नव्या पुलावरून पहिली गाडी गेली तेव्हा गावातले बरेच लोक पाहायला आले होते. तोही आला होता, पांढरा सदरा घालून. जुन्या पुलावरचा रूळ आता मोकळा पडला होता.

"वाईट वाटतं का, अण्णा?" मी विचारलं.

"कशाला? मला पेन्शन मिळाली, याला नको का?"

तो हसला. मला हसू आलं नाही. मला खरोखर वाईट वाटलं होतं आणि ते तो मोडीत काढतोय असं वाटून मी जरा रुसले. आज वाटतं, त्याचं बरोबर होतं. पुलावर रोज येणारं ओझं त्याने इतकी वर्षं ऐकलं होतं. मी तर फक्त गाडीत बसून गेले होते.

आप्पा त्यानंतर तीन वर्षांनी गेले. दुकान भावाने चालवलं, मग तयार कपड्यांचं केलं. मीही निवृत्त झाले.

मधल्या काळात पूल वारसा म्हणून ओळखला जाऊ लागला. फोटो काढायला माणसं येऊ लागली. दोन वर्षांपूर्वी गावातल्या काही हौशी मंडळींनी तिथे माहितीचा फलक लावायचं ठरवलं आणि मजकूर मला लिहायला सांगितला. मी लिहिला. दळवाई, रस्ता, रूळ, नवा पूल, आणि शेवटी चार ओळी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पावसात उभं राहून पुलावर लक्ष ठेवलं त्यांच्याबद्दल. फलक लागला तेव्हा त्या चार ओळी नव्हत्या. विचारलं तर म्हणाले, "मेडम, जागा कमी पडली. आणि नाव ना गाव, लोक काय वाचणार?" मी वाद घातला. आवाज अजून खणखणीत आहे. फलक काही बदलला नाही.

मग मी एक छोटी पुस्तिका केली. कन्नडमध्ये, वीस पानांची. पुराच्या रेघा, कमानींची नावं, आप्पांची मापं, आणि अडकलेल्या फणसाची हकीकत. एक प्रत घेऊन मी राखणदाराकडे गेले. तो वरुणाजवळच्या एका खेड्यात लेकीकडे राहतो. घरापुढे दोन गाई, मागे भाताचं खाचर. वय नव्वदीकडे झुकलेलं. ऐकू फार कमी येतं. लेक त्याच्या कानाशी तोंड नेऊन एकेक पान मोठ्याने वाचत होती आणि मी दुधाचा पेला हातात घेऊन बसले होते. फणसाचं आलं तेव्हा त्याने हात वर केला, मला वाटलं काही चुकलं.

"पिंपळाची रोपं काढली का?" त्याने विचारलं.

मला कळेना. लेकीने विचारून घेतलं. दगडांच्या सांध्यात पक्षी बी टाकतात, पिंपळ उगवतो, मुळं आत जातात आणि दगड सरकवतात. पाणी जे करत नाही ते पिंपळ करतो. दर वर्षी पावसाळा संपला की तो आणि गँगमधली माणसं दोर बांधून उतरत आणि रोपं उपटत. गाड्या बंद झाल्यावर हे कुणाचं काम? वीस पानांच्या माझ्या पुस्तिकेत पिंपळाचा शब्द नव्हता. इतक्या वेळा पुलाखाली जाऊन मी वर सांध्यांकडे कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नंजनगूडला गेले. नदीच्या बाजूने पाहिलं. तीन रोपं होती. त्यातलं एक माझ्या उंचीचं, कोवळ्या तांबूस पानांनी भरलेलं, दिसायला फार सुंदर. मी संबंधित कार्यालयात अर्ज दिला. महिन्याने दुसरा दिला. तिसरा द्यायला गेले तेव्हा माझ्या जुन्या विद्यार्थिनीला, त्या इंजिनिअर मुलीला, बरोबर नेलं. ती त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलली, मी गप्प बसले. पंधरा दिवसांत चार माणसं शिडी आणि कोयते घेऊन आली. मी काठावर उभी राहून पाहत होते. मुळं कापून नुसती सोडू नका, त्यात औषध घाला, असं ती मुलगी वरून ओरडून सांगत होती आणि ती माणसं तसं करत होती.

दोन रोपं निघाली. तिसरं, मोठं, मधल्या खांबाच्या पलीकडे, खोल पाण्याच्या अंगाला आहे. तिथे शिडी पोचली नाही. पाणी उतरल्यावर मार्चमध्ये दोर घेऊन येऊ, असं मुकादम म्हणाला. मी त्याचा फोन नंबर घेतला आहे. त्यालाही माझा दिला आहे.